वारा सुटल्यावर ग्रुप का फुटतो?

तेच दहा-बारा जण, त्याच सायकली, तोच पुणे-सातारा रस्ता. एका रविवारी सगळे गप्पा मारत शिरवळला पोचतात. पुढच्या रविवारी नसरापूर मागे पडेपर्यंत तिघं पार पुढे निघून गेलेले असतात, चार-पाच जण मध्ये कुठेतरी आणि बाकीचे एकेकटे, मान खाली घालून पायडल मारतायत. मग चहाच्या टपरीवर एकच विषय: "तो आज मुद्दाम पळवत होता." बहुतेक वेळा कोणीच काही पळवलेलं नसतं. वारा सुटलेला असतो, आणि वाऱ्यात ग्रुप कसा चालवायचा हे कोणी ठरवलेलं नसतं.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा रस्त्याच्या कडेने पाहणाऱ्यांनाही असेच प्रश्न पडत होते. एवढा रुंद रस्ता मोकळा असताना हे सगळे एकमेकांना चिकटून का चालवतात? ज्याला जिंकायचंय तो पुढे का निघून जात नाही? दोन्हींचं उत्तर हवेत आहे.

ताकद जाते कुठे?

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची ताकद मुख्यतः दोन ठिकाणी खर्च होते. टायर दबत-फिरत जातो त्यात थोडी, आणि समोरची हवा बाजूला सारण्यात बाकीची जवळजवळ सगळी. ताशी १५ ने भाजी आणायला जाताना हवा जाणवत नाही. ताशी ३० ला ती मुख्य खर्च होऊन बसते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, विरोध चौपट. आणि त्या चौपट विरोधातून तुम्ही दुप्पट वेगाने जात असल्यामुळे हवेसाठी लागणारी ताकद आठपट.

ताकद वॅटमध्ये मोजतात. हल्ली हौशी सायकलवाल्यांकडेही पॉवर मीटर असतो, तो हेच दाखवतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, हात ब्रेकच्या मुठींवर, रस्ता सपाट, वारा शून्य असं धरून हिशेब केला, तर ताशी ३० ला साधारण १३५ वॅट लागतात. नियमित सायकल चालवणाऱ्याला हे तासभर जमतं, बोलता बोलता जमतं.

आता समोरून ताशी १५ चा वारा आला. हा काही वादळी वारा नव्हे, झाडाच्या बारीक फांद्या हलतील इतकाच. तेच ताशी ३० टिकवायचे तर आता २६० वॅट लागतात. म्हणजे जवळपास दुप्पट. चांगली तयारी असलेला माणूसच ते तासभर लावू शकतो. तोच वारा पाठीमागून असेल तर ६० वॅटमध्ये काम भागतं, ज्याला आपण "आज पाय काय मस्त चाललेत" म्हणतो. माणसागणिक आकडे बदलतील, पण प्रमाण हेच राहतं.

या आकड्यांनी माझ्या मते एक गोष्ट कायमची ठरवून टाकावी: वाऱ्याच्या दिवशी सायकल कॉम्प्युटरवरच्या वेगाकडे पाहून कोणी दमदार आहे की ढिला, हे सांगता येत नाही. ते सांगायचं तर वॅट पाहा, नाहीतर निदान त्याचा श्वास ऐका.

जाताना त्रास, येताना फायदा, हिशेब सारखाच ना?

नाही, आणि ग्रुपमध्ये सर्वांत जास्त वाद यावरच होतात. वर धरलेला माणूसच घेऊ. त्याने १३५ वॅट धरून ठेवले, तर ताशी १५ च्या वाऱ्याविरुद्ध त्याचा वेग ताशी २२ च्या आसपास येतो. परत येताना वारा पाठीशी असला की तोच ४० ने जातो. २२ आणि ४० ची सरासरी ३१, म्हणजे उलट फायदाच झाला असं वाटेल. पण २० किलोमीटर जायला त्याला ५५ मिनिटं लागली आणि यायला ३०. एकूण ८५. वारा नसता तर जाऊन-येऊन ८० मिनिटांत झालं असतं.

वारा विरुद्ध असतो तेव्हा तुम्ही हळू जाता, म्हणून त्याच्या तावडीत जास्त वेळ राहता. पाठीशी असतो तेव्हा अंतर भराभर संपतं, म्हणून त्याचा उपभोग कमी वेळ मिळतो. ८५ मधली ५५ मिनिटं वाऱ्याशी भांडण्यात गेली, ही गोष्ट सरासरीच्या आकड्यात दिसत नाही, मांड्यांना मात्र नीट कळते.

मागे बसल्याने नक्की किती वाचतं?

पुढचा सायकलवाला हवा फाडत जातो आणि त्याच्या मागे एक पोकळीसारखी जागा तयार होते. तिथली हवा त्याच्याबरोबर थोडी ओढली जात असते. त्या जागेत आपलं चाक ठेवणं म्हणजे ड्राफ्टिंग. आपल्याकडे नुसतं "चाक पकड" म्हणतात.

यावर मोजमापं भरपूर झालेली आहेत. १९७९ मध्ये चेस्टर काइल या अमेरिकी संशोधकाने दाखवलं की ताशी ४० ला जवळून चाक पकडलं तर हवेचा विरोध ३८ टक्क्यांच्या आसपास घटतो. १९९० च्या एका अभ्यासात सायकलस्वारांनी वापरलेला प्राणवायूच मोजला. ताशी ३२ ला एकाच्या मागे बसल्यावर तो १८ टक्क्यांनी कमी लागला, ताशी ४० ला २७ टक्क्यांनी, आणि आठ जणांच्या घोळक्याच्या मागे असल्यावर ३९ टक्क्यांनी. २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी १२१ सायकलस्वारांच्या अख्ख्या घोळक्याचा अभ्यास केला, वाऱ्याच्या बोगद्यात आणि संगणकावर. घोळक्याच्या मध्यभागी मागच्या बाजूला बसलेल्यांना एकट्या सायकलस्वाराच्या जेमतेम ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो, असं त्यात निघालं. पुणे ग्रँड टूरसारख्या शर्यतीत पुढे पळून गेलेले दोघं-तिघं शेवटच्या काही किलोमीटरमध्ये का पकडले जातात, त्याचं कारण हेच. ते दोघं-तिघंच हवा फाडत असतात. मागचे शंभरावर लोक विसावा घेत येतात.

"मागे बसलेला पुढच्यावर ओझं होतो" हा समज मात्र चुकीचा आहे. उलट मागचं चाक जवळ असेल तर पुढच्याच्या पाठीमागची पोकळी थोडी भरून निघते आणि त्यालाही दोन-तीन टक्क्यांचा फायदा होतो. तो जाणवण्याइतका नसतो, पण तोटा तर नक्कीच नाही. पुढच्याची चिडचिड होते ती हवेमुळे नाही, मागचा कधीच पुढे येत नाही म्हणून. तिला भौतिकशास्त्रात उत्तर नाही.

आळीपाळी करायची म्हणजे काय करायचं?

पुढे राहून हवा फाडणं याला "पुल" म्हणतात. एकाने थोडा वेळ पुल करायचा, बाजूला व्हायचं, शेवटी जाऊन लागायचं, मग दुसऱ्याने. पालखीचा खांदा बदलतात तसंच हे. खांदेकरी बदलतो, पालखीची चाल बदलत नाही. ग्रुप राइडमध्ये नेमकी इथेच गडबड होते. नवा माणूस पुढे आला की त्याला वाटतं, आता आपण काहीतरी दाखवायला हवं. आधीचा २७ ने ओढत होता, हा ३० ने ओढतो. मागे ताजातवाना बसलेला असल्यामुळे त्याला पहिलं मिनिटभर ते सोपंच वाटतं. पण जो नुकताच पुल करून दमून बाजूला झालाय, त्याला आता शेवटचं चाक पकडायला ३० च्या वर जावं लागतं, तेही थकलेल्या पायांनी, उघड्या वाऱ्यात. दोन फेऱ्यांत तो सुटतो. ग्रुप फुटायची सुरुवात बहुधा अशीच होते, आणि सुटलेल्यालाच ऐकावं लागतं की तुझी तयारी कमी पडते.

ज्याच्यात जास्त दम आहे त्याने जास्त वेगाने नाही, जास्त वेळ पुल करावा. तीन मिनिटांऐवजी सहा मिनिटं, पण चाल तीच. आणि ज्याचा दम कमी आहे त्याने पुढे येऊन वीस सेकंदांत बाजूला झालं तरी काही बिघडत नाही.

समोरच्या वाऱ्यात आणखी एक पथ्य आहे. वेग धरायचा नाही, जोर धरायचा. मोकळ्या माळावर वारा अंगावर आला की २९ चे २४ होऊ द्यायचे. झाडी किंवा वस्ती आली की वेग आपोआप वाढतो. वेगाचा आकडा पकडून बसलात तर माळावर ग्रुपचे हाल होतात आणि झाडीत सगळे कंटाळतात.

आडवा वारा आला की खरी पंचाईत

समोरच्या वाऱ्यात रांग एकामागोमाग एक असते आणि आसरा नीट पाठीमागे मिळतो. वारा बाजूने आला की आसऱ्याची जागा सरकते. वारा उजवीकडून असेल तर पुढच्याच्या मागे थोडं डावीकडे, डावीकडून असेल तर मागे थोडं उजवीकडे. म्हणून आडव्या वाऱ्यात रांग सरळ न राहता रस्त्यावर तिरकी पसरते. शर्यतींच्या भाषेत या तिरक्या रांगेला एशलॉन म्हणतात.

रस्त्याला रुंदी असते, आणि तिरक्या रांगेत त्या रुंदीत मावतील तेवढेच लोक बसतात. समजा आठ मावले. नववा कुठे जाणार? त्याला रस्त्याच्या कडेने आठव्याच्या सरळ मागे राहावं लागतं. तिथे आसरा जवळजवळ नसतो. दहावा, अकरावा, बारावा सगळे तसेच कडेला, प्रत्येकजण वाऱ्यात जणू एकटा. त्यातल्या एकाचा दम संपला की त्याच्या पुढे फट पडते, आणि त्याच्या मागचे सगळे फटीच्या चुकीच्या बाजूला राहतात. पुढे आठ जण आसऱ्यात आळीपाळीने चालवतायत, मागे प्रत्येकजण आपापलं. ती फट बुजत नाही, वाढत जाते. शहाणे लोक अशा वेळी पुढच्या रांगेत घुसायचा नाद सोडून तिथल्या तिथे दुसरी तिरकी रांग लावतात.

व्यावसायिक शर्यतीत हे हत्यार म्हणून वापरतात. २०१३ च्या टूर द फ्रान्समध्ये तेराव्या टप्प्यावर आडवा वारा होता. एकूण क्रमवारीत दुसऱ्या जागेवर असलेल्या आलेहांद्रो वाल्वेर्देच्या चाकात बिघाड झाला, तो थोडा मागे पडला आणि दिवस संपेपर्यंत त्याने जवळपास दहा मिनिटं गमावली. एरवी सपाट टप्प्यावर असा माणूस थोड्या वेळात घोळक्यात परत येतो. त्याच दिवशी त्याचा प्रतिस्पर्धी आल्बेर्तो कोंतादोरच्या संघाने शेवटच्या भागात जोर लावून घोळका फोडला आणि पिवळ्या जर्सीतल्या, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्या क्रिस फ्रूमचा १ मिनिट ९ सेकंद वेळ खाल्ला, तोही जवळजवळ सपाट रस्त्यावर. २०२० मध्ये लाव्होरच्या टप्प्यावर तादेई पोगाचार असाच फटीच्या मागे अडकला आणि त्याने १ मिनिट २१ सेकंद गमावले. ती टूर त्याने पुढे जिंकली, तीही ५९ सेकंदांनी. म्हणजे वाऱ्यात एका दुपारी गेलेला वेळ त्याच्या अंतिम आघाडीपेक्षा मोठा होता.

"आडवा वारा अगदी काटकोनात असेल तर तो मागे ढकलत नाही ना?" हा प्रश्न हमखास येतो. ढकलतो. तुम्ही ३० ने जाताय आणि १५ चा वारा बाजूने येतोय, तर तुम्हाला लागणारी हवा दोन्हींच्या मेळाने तिरकी आणि जास्त जोराची असते. आधीच्या हिशेबात हवेचा विरोध साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. म्हणून वारा अगदी बाजूचा असला तरी तो फुकटात सोडत नाही, वसुली होतेच.

मग आपणही सातारा रस्त्यावर तिरकी रांग लावावी का?

नको. तिथे रस्ता आपल्यासाठी बंद केलेला नसतो.

पावसाळ्यातला आपला वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आपण साधारण दक्षिणेला जातो, म्हणजे वारा उजवीकडून, थोडा समोरून. आसरा मिळतो डावीकडे मागे, शोल्डरच्या कडेला, जिथे खडी, काचा आणि उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली असतात. तिथे तिरकं बसायचं तर फार तर तीन-चार जण मावतात. परत येताना वारा डावीकडून, थोडा पाठीमागून. आता आसरा उजवीकडे, म्हणजे थेट ट्रकच्या लेनमध्ये. वर वारा पाठीशी असल्यामुळे वेग चाळिशीत. सुसाट वाटणारा हा परतीचा प्रवासच जास्त धोक्याचा, आणि लोक सावध असतात ते मात्र जाताना.

म्हणून इथे उपाय वेगळा: ग्रुपच लहान करायचा. बारा जणांची एक रांग न करता चार-चारचे तीन गट, मध्ये चांगलं अंतर. आसरा पूर्ण मिळणार नाही हे मान्य करून वेग तेवढा खाली आणायचा. नियमाप्रमाणे पुल करून बाजूला होणाऱ्याने वाऱ्याच्या बाजूला व्हावं, म्हणजे मागून पुढे जाणाऱ्यांना त्याचाही आसरा मिळतो. पण साताऱ्याकडे जाताना वाऱ्याची बाजू म्हणजे रहदारीची बाजू. शेवटच्या माणसाने मागे पाहून "क्लिअर" असं ओरडल्याशिवाय कोणी बाजूला होऊ नये.

आसऱ्याच्या शोधात लोक आणखी एक गोष्ट नकळत करतात. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेऊन ठेवतात. याला ओव्हरलॅप म्हणतात. पुढचा खड्डा चुकवायला जरासा सरकला की चाकाला चाक लागतं, आणि पडतो तो मागचा. सायकल तोलली जाते पुढच्या चाकाने. आपण सतत ते बारीक-बारीक वळवून तोल धरत असतो. ते अडलं की तोल गेलाच. पुढच्याचं मागचं चाक जरा थरथरतं, एवढंच. समोरच्या वाऱ्यात ओव्हरलॅपला काही निमित्त नसतं. आडव्या वाऱ्यात आसराच तिथे असल्यामुळे मोह होतो.

ट्रकचंही तसंच. मोठी गाडी जवळून जाताना आधी हवेचा लोट आपल्याला बाहेर ढकलतो, मग गाडी पुढे गेल्यावर आत ओढल्यासारखं होतं. आडवा वारा उजवीकडून असेल तर मध्येच तो ट्रक वारा अडवतो, आपण वाऱ्यावर रेललेले असतो ते एकदम ट्रककडे झुकतो, आणि ट्रक गेला की वारा पुन्हा थप्पड मारतो. हात ताठ न धरता, मूठ सैल पण दोन्ही हात हँडलवर ठेवून हे सोसायचं असतं. खोल रिमची, म्हणजे बाजूने उंच कडांची चाकं मिरवायची तर वाऱ्याच्या दिवशी निदान पुढचं तरी साधं लावावं. मागच्या चाकावर आपलं वजन असतं आणि ते वळत नाही. पुढच्या खोल रिमवर झोत बसला की हँडलच वळतं.

वारा माणसांना खरंच रस्त्याबाहेर फेकतो का? २०१५ च्या गेंट-वेवेल्गेम शर्यतीत बेल्जियममध्ये सोसाट्याचा वारा होता. गेरंट थॉमससारखा कसलेला शर्यतपटू रस्त्यावरून उडून कडेच्या गवतात गेला, आणि दिवसअखेर शर्यत पूर्ण केली फक्त ३९ जणांनी. हे सगळे व्यावसायिक होते आणि त्यांच्या रस्त्यावर ट्रक नव्हते.

चाक पकडणं ही फसवणूक नाही का?

खेळ कोणता यावर आहे. रोड रेसमध्ये ड्राफ्टिंग हाच खेळाचा गाभा. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध, ते मना आहे. गोव्यात होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या पोहणं-सायकल-धावणं अशा शर्यतीतही सायकलच्या टप्प्यात पुढच्यापासून ठरावीक अंतर राखावं लागतं, नाहीतर दंडाची मिनिटं मोजावी लागतात. रविवारच्या राइडमध्ये कोणी कोणाला हरवत नसतं, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही. फक्त मागे बसून काढलेल्या सरासरीचा स्क्रीनशॉट टाकताना थोडी लाज असावी, इतकंच.

आणि घाटात?

घाटात हे सगळं गणित गळून पडतं. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी १२ ने चढताना आपल्या ८० किलोंना वर उचलायलाच दीडशेच्या वर वॅट जातात, हवेला सहा-सात. चाक पकडून वाचवणार काय? म्हणून सपाटीवर एकत्र आलेला ग्रुप खंबाटकीला चढ लागला की वजन आणि दमाप्रमाणे सुटा होतो, आणि मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाटाच्या राजाचा मान वेगळा दिला जातो. सडपातळ माणूस तिथे उजवा ठरतो. सपाटीवरच्या वाऱ्यात मात्र त्याचे हाल होतात. त्याचं अंग लहान असलं तरी हवेला आडवं येणारं क्षेत्रफळ ताकदीच्या मानाने तेवढं कमी होत नाही.

अ‍ॅपवर २० दाखवतंय, जावं का?

हवामानाच्या अ‍ॅपवरचा वारा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. सायकलवरच्या माणसाच्या उंचीला मोकळ्या रानात तो त्याच्या साधारण दोन तृतीयांश भरतो, झाडी-वस्तीत त्याहून कमी. म्हणजे २० दाखवत असेल तर १३-१४ धरा. पण शेजारी झोताचा, म्हणजे मधूनच येणाऱ्या जोरदार लोटाचा, वेगळा आकडा देतात, तो जास्त महत्त्वाचा. सरासरी २० आणि झोत २५ असेल तर वारा एकसारखा आहे, अंगाला सवय होते. सरासरी २० आणि झोत ४५ असेल तर खोल रिम आणि मोठा ग्रुप दोन्ही घरी ठेवा. चाळकेवाडीसारख्या पठारावर जाणार असाल तर ही वजाबाकीही करू नका. तिथे पवनचक्क्या काही उगाच उभ्या केलेल्या नाहीत. कोरड्या दिवसात सकाळी लवकर निघणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. जमीन तापली की वरची वेगवान हवा खाली मिसळते, आणि नऊ-दहानंतर वारा वाढतो. पावसाळ्यात तोही आधार नाही, पहाटेही सुटलेला असतो.

बाकी रस्त्याची दिशा आपल्या हातात असते. पश्चिमेचा वारा असताना पौड-मुळशीकडे किंवा जुन्या हायवेने लोणावळ्याकडे निघालात तर ताज्या पायांनी वाऱ्याशी भिडता आणि परतताना तो घरी ढकलतो. सोलापूर रस्त्याला निघालात तर उलटं. यवतपर्यंत ताशी ३८ ने उडत जाता, अंगात काहीतरी संचारल्यासारखं वाटतं, कोणीतरी म्हणतं चला पाटसपर्यंत जाऊ. तिथून वळलं की ऊन चढलेलं, पाण्याच्या बाटल्या संपलेल्या, आणि पुण्यापर्यंतचे सगळे किलोमीटर तोंडावर वारा. त्या रस्त्याला जायचंच असेल तर जाताना निम्म्या जोरात जा, नाहीतर परतीचा टेम्पो आधीच ठरवून ठेवा.